सख्ख्या बहिणीच्या मेंदूचं ऑपरेशन करणारा सर्जन, ज्याने फिटच्या आजाराकडे बघायची डॉक्टरांची नजर बदलली

डिसेंबर १९२८. कॅनडातलं मॉन्ट्रियल शहर. रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये चाळिशीतली एक बाई होती. सहा मुलांची आई. तिला कित्येक वर्षांपासून फिट येत होत्या. आता निदान झालं होतं की मेंदूत गाठ आहे.

तिचं नाव रूथ. आणि तिची कवटी उघडायला समोर उभा असलेला सर्जन तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

घरच्या माणसावर सुरी चालवायला सहसा कोणी डॉक्टर तयार होत नाही. पण या भावाने ते केलं. गाठ मेंदूच्या पुढच्या उजव्या भागात होती आणि अंदाजापेक्षा बरीच मोठी निघाली. त्या बाजूचा बहुतेक भाग काढावा लागला, तरीही गाठ पूर्ण निघाली नाही. रूथ शुद्धीवर आली, घरी गेली, मुलांमध्ये रमली. पण पुढची तीन वर्षंही तिला मिळाली नाहीत.

त्या भावाचं नाव डॉ. वाइल्डर पेनफिल्ड. फिटच्या आजारावर ऑपरेशन होऊ शकतं, हे जगभरच्या डॉक्टरांना पटवण्यात ज्यांचं आख्खं आयुष्य गेलं ते हेच पेनफिल्ड. आणि डॉक्टरांना ते किती पटलं, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

आधी फिट म्हणजे काय ते समजून घेऊ

आपल्याकडे कुणी आकडी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी मिरगी. पुस्तकी नाव अपस्मार. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. कधीकधी हजारो पेशी एकदम, बेशिस्तपणे संदेश सोडायला लागतात. घरात शॉर्ट सर्किट व्हावं तसं. ते सगळ्या मेंदूत पसरलं की माणूस खाली पडतो, हातपाय झटकतो. एखाद्याच कोपऱ्यात राहिलं तर माणूस फक्त शून्यात बघत बसतो, किंवा त्याला नसलेला वास येतो.

काही लोकांमध्ये ही गडबड प्रत्येक वेळी मेंदूतल्या एकाच ठिकाणाहून सुरू होते. जुन्या जखमेचा व्रण, गाठ किंवा जन्मापासून असलेला दोष. मग तेवढाच भाग काढून टाकला तर?

ही कल्पना पेनफिल्ड यांची नव्हती. १८८६ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली या सर्जनने डोक्याला मार लागल्यानंतर फिट येणाऱ्या २२ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला व्रण काढला होता. ते ऑपरेशन यशस्वी झालं. तरीही पुढची ४० वर्षं ही वाट जवळपास रिकामीच राहिली.

कारण मेंदू उघडायचा म्हणजे जंतुसंसर्ग, रक्तस्राव, लकवा आणि मृत्यूची भीती. गडबड नेमकी कुठून सुरू होते हे बाहेरून कळायची सोय नव्हती. हातात ब्रोमाइड होतं, १९१२ नंतर फिनोबार्बिटल आलं. त्या औषधांनी पेशंट दिवसभर गुंगीत राहायचा, पण जिवंत राहायचा. समाजाने तर फिट येणाऱ्या माणसाला आधीच बाजूला काढलं होतं. अमेरिकेत अशा पेशंट्ससाठी गावाबाहेर वेगळ्या वसाहती होत्या आणि अनेक राज्यांत त्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. जो आजार बरा होणारच नाही असं डॉक्टर धरून चालतात, त्यासाठी ऑपरेशनची जोखीम कोण घेणार?

आईचं स्वप्न, टॉर्पेडो आणि मेंदू

वाइल्डरचा जन्म २६ जानेवारी १८९१ चा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावचा. वडील डॉक्टर होते, पण त्यांची प्रॅक्टिस चालेना. वाइल्डर ८ वर्षांचा असताना आई मुलांना घेऊन विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावात, आपल्या माहेरी आली.

वाइल्डर १३ वर्षांचा झाला तेव्हा आईला ऱ्होड्स स्कॉलरशिपबद्दल समजलं. ऑक्सफर्डला शिकायला पाठवणारी ही स्कॉलरशिप अभ्यासाबरोबर खेळातही चमकणाऱ्या मुलांना मिळायची. आईने ठरवलं की आपला पोरगा ती मिळवणार. पोराने प्रिन्स्टन विद्यापीठात अभ्यास केला, फुटबॉल खेळला, पुढे काही काळ कोचिंगही केलं. शेवटी ती स्कॉलरशिप मिळवली.

ऑक्सफर्डमध्ये त्यांना दोन गुरू मिळाले. चार्ल्स शेरिंग्टन यांनी मज्जासंस्था हा किती मोठा न शोधलेला प्रदेश आहे ते दाखवलं. दुसरे विल्यम ऑस्लर, त्या काळातले सर्वांत नावाजलेले फिजिशियन.

पहिलं महायुद्ध सुरू होतं. मार्च १९१६ मध्ये पेनफिल्ड फ्रान्समधल्या रेड क्रॉसच्या हॉस्पिटलमध्ये काम करायला ससेक्स नावाच्या जहाजातून निघाले. इंग्लिश खाडीत जर्मन पाणबुडीने जहाजावर टॉर्पेडो मारला. पेनफिल्ड जखमी झाले, पण वाचले. बरे होईपर्यंत त्यांचा मुक्काम ऑस्लर यांच्याच घरी होता.

१९१८ मध्ये ते जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाले. बॉस्टनमध्ये हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली उमेदवारी केली. कुशिंग म्हणजे आधुनिक न्यूरोसर्जरीचे जनक. १९२१ पासून पेनफिल्ड न्यूयॉर्कमध्ये सर्जन म्हणून काम करू लागले.

इथे त्यांना एक गोष्ट खटकली. मेंदूच्या आजारांचे डॉक्टर एका बाजूला आणि सर्जन दुसऱ्या बाजूला. न्यूरॉलॉजिस्ट पेशंट वर्षानुवर्षं सांभाळायचे आणि सगळे उपाय थकले की सर्जनकडे पाठवायचे. सर्जन कवटी उघडायचे, पण आत दिसणारा व्रण नेमका फिट कशी आणतो हे त्यांनाही माहीत नसायचं.

पेनफिल्ड यांनी ते शोधायचं ठरवलं. १९२४ मध्ये ते थेट स्पेनला, माद्रिदला गेले. तिथे पिओ देल रिओ ओर्तेगा नावाचे शास्त्रज्ञ मेंदूच्या पेशींना रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायची नवी पद्धत वापरत होते. मेंदूवर जखम झाली की व्रण कसा तयार होतो, हे पेनफिल्ड तिथे शिकले.

आणि १९२८ मध्ये ते सहा महिन्यांसाठी जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरात ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे गेले. फोर्स्टर मूळचे न्यूरॉलॉजिस्ट, पण त्यांनी स्वतः सुरी हातात घेतली होती. युद्धात डोक्याला गोळी लागलेल्या आणि नंतर फिट यायला लागलेल्या सैनिकांवर ते ऑपरेशन करायचे, तेही पेशंटला जागं ठेवून. पेशंट ओळखणारा आणि ऑपरेशन करणारा माणूस एकच. पेनफिल्ड जे शोधत होते ते हेच.

रूथने काय शिकवलं?

त्याच वर्षी पेनफिल्ड मॉन्ट्रियलला आले. एकटे नाही, तर विल्यम कोन या आपल्या तरुण सहकाऱ्याला सोबत घेऊन. आणि काही महिन्यांतच रूथची केस समोर आली.

ऑपरेशननंतर सव्वा वर्षाने रूथने भावाला जेवायला बोलावलं. पूर्वी घरभर पाहुण्यांचा स्वयंपाक ती सहज करायची. या वेळी मोजकीच माणसं होती. पण कुठला पदार्थ आधी करायचा, कुठला नंतर, काय कधी चुलीवर ठेवायचं, याची सांगडच तिला घालता येईना. ती रडकुंडीला आली. बोलणं, हसणं, आठवणी सगळं शाबूत होतं. गेलं होतं ते बेत आखायचं बळ.

पेनफिल्ड यांनी हा प्रसंग लपवला नाही. १९३५ मध्ये आपल्या शोधनिबंधात त्यांनी बहिणीची केस तपशिलाने मांडली. मेंदूच्या पुढच्या भागाचं काम काय, याबद्दलच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या नोंदींमध्ये ती गणली जाते.

पेनफिल्ड इथून दोन गोष्टी शिकले. वेळेत कुणी बघितलं नाही तर आजार हाताबाहेर जातो. आणि सर्जनने काय काढलं याची किंमत पेशंट घरी गेल्यावर मोजतो. पुढचं सगळं काम या दोन टोकांमध्ये तोल सांभाळायचं होतं.

एकाच छताखाली सगळे डॉक्टर

बहिणीच्या मृत्यूनंतर त्यांनी एका गोष्टीचा ध्यास घेतला. न्यूरॉलॉजिस्ट, सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि संशोधक एकाच इमारतीत बसतील, एकाच पेशंटवर एकत्र चर्चा करतील, अशी संस्था उभारायची. जागतिक मंदीचा काळ होता, तरीही अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली. क्वेबेक प्रांत आणि मॉन्ट्रियल शहरानेही चालू खर्चाचा वाटा उचलला.

सप्टेंबर १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याच वर्षी पेनफिल्ड कॅनडाचे नागरिक झाले. पुढे हर्बर्ट जॅस्पर हे ईईजीचे तज्ज्ञ तिथे आले. डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढायची ही पद्धत तेव्हा नवीन होती. पेनफिल्ड यांचा आधी त्यावर फारसा विश्वास नव्हता. पण जॅस्पर यांनी आलेखावरून गडबडीची जागा सांगितली, आत ती तशीच सापडली, आणि दोघांची जोडी जमली.

जागा पेशंट, उघडा मेंदू

ही ऑपरेशन्स व्हायची कशी? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. त्यामुळे फक्त डोक्याच्या कातडीला भूल देऊन कवटी उघडायची. पेशंट पूर्ण शुद्धीत. मग पेनफिल्ड बारीक तारेने मेंदूच्या एकेका जागी विजेचा हलका स्पर्श करायचे आणि पेशंटला काय जाणवलं ते विचारायचे.

एका जागी अंगठा हलायचा. दुसरीकडे ओठाला मुंग्या यायच्या. तिसरीकडे बोलताबोलता शब्द अडायचा. प्रत्येक जागेवर आकडा लिहिलेली कागदाची चिमुकली चकती ठेवली जायची आणि सेक्रेटरी नोंद लिहून घ्यायची. तासन्‌तास हे चालायचं. बोलण्याची, हातापायांची जागा सापडली की तिला धक्का लावायचा नाही. जिथे स्पर्श केल्यावर पेशंटला नेहमीची फिट येण्याआधीची खूण जाणवते, तो भाग शोधायचा आणि तेवढाच काढायचा.

कॅनडात १९९० च्या दशकात टीव्हीवर एक मिनिटाची फिल्म लागायची. त्यातल्या बाईला फिट येण्याआधी जळलेल्या टोस्टचा वास यायचा आणि पेनफिल्ड ऑपरेशनमध्ये ती नेमकी जागा शोधायचे. या फिल्ममुळे तिथल्या एका आख्ख्या पिढीला पेनफिल्ड म्हटलं की जळका टोस्टच आठवतो.

अशा शेकडो नोंदींमधून मेंदूचा नकाशा तयार झाला. १९३७ मध्ये पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी एडविन बोल्ड्री यांनी तो मांडला. शरीराच्या कुठल्या भागाला मेंदूत किती जागा आहे हे दाखवणारा भलेमोठे हात, जाड ओठ आणि किरकोळ धड असलेला विचित्र माणूस त्यातून जन्माला आला. त्याचं नाव होमन्क्युलस. मेडिकलच्या प्रत्येक पुस्तकात तो आजही भेटतो.

काही पेशंट्सच्या कानामागच्या भागात, म्हणजे टेम्पोरल लोबमध्ये, तार टेकवली की जुने प्रसंग समोर यायचे. एका बाईला प्रत्येक वेळी तेच गाणं ऐकू यायचं. याचा बराच गाजावाजा झाला. पण पेनफिल्ड यांचा १९६३ चा हिशोब वेगळंच सांगतो. ११३२ पेशंट्सवर १२८८ ऑपरेशन्स, त्यातले ५२० टेम्पोरल लोबचे पेशंट, आणि असे अनुभव आलेले फक्त ४०. आठवणींचं कपाट उघडणं हा त्यांचा उद्देश कधीच नव्हता. फिट थांबवणं हा होता.

जेव्हा ऑपरेशन चुकलं

१९५० च्या आसपास टेम्पोरल लोबच्या ऑपरेशन्सना वेग आला. सुरुवातीला पेनफिल्ड फक्त वरचा भाग काढायचे आणि अनेकांच्या फिट पुन्हा सुरू व्हायच्या. मग लक्षात आलं की खूपदा मूळ आत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात असतं. तो काढल्यावर निकाल सुधारले.

पण १९५१ मध्ये एका इंजिनिअरच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर भलतंच घडलं. त्याची बुद्धी तशीच होती, बोलणं तसंच होतं, पण नव्या गोष्टी लक्षात राहणं बंद झालं. काही काळाने दुसऱ्या एका पेशंटचंही तेच झालं. दोघांची तपासणी केली ब्रेंडा मिलनर या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईने. मिलनर आणि पेनफिल्ड यांनी अंदाज मांडला की या दोघांचा दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच खराब असणार. त्यामुळे चांगली बाजू काढल्यावर काहीच उरलं नाही. पुढे तो इंजिनिअर वारला, शवविच्छेदन झालं आणि अंदाज खरा ठरला.

१९५५ मध्ये त्यांनी ही दोन्ही अपयशं शिकागोच्या परिषदेत सगळ्या न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवली. ते ऐकून अमेरिकेतले सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी संपर्क केला. त्यांनी १९५३ मध्ये फिटसाठीच एका तरुणाच्या दोन्ही बाजूंचे हे भाग काढले होते आणि तोही नवं काही लक्षात ठेवू शकत नव्हता. तो तरुण म्हणजे एच. एम., ज्याच्यावर पुढे मिलनर यांनी केलेला अभ्यास जगप्रसिद्ध झाला.

त्यानंतर मॉन्ट्रियलमध्ये नियमच बदलला. जुन वाडा यांनी आणलेल्या चाचणीत मेंदूची एक बाजू औषधाने काही मिनिटं झोपवून दुसरी बाजू एकटी बोलणं सांभाळते का हे बघायचे. मिलनर यांनी त्यात स्मरणशक्तीची परीक्षाही जोडली. जोखीम आधी मोजायची आणि मगच सुरी उचलायची. ऑपरेशनला घाबरणाऱ्या डॉक्टरांना पेनफिल्ड यांच्याकडून मिळालेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच होतं.

मॉन्ट्रियल ते वेल्लोर

इन्स्टिट्यूटमध्ये जगभरातून तरुण डॉक्टर शिकायला यायचे. त्यातले एक होते केरळचे डॉ. जेकब चांडी. ते १९४९ मध्ये भारतात परतले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. २५ ऑगस्ट १९५२ ला त्यांनी १९ वर्षांच्या मुलावर केलेलं ऑपरेशन भारतातली फिटच्या आजारावरची पहिली शस्त्रक्रिया मानली जाते.

म्हणजे आपण मागे नव्हतो. पण समाज मागे होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात फिट येणाऱ्या माणसाच्या लग्नावर आक्षेप घेता यायचा. ती अट काढायला १९९९ साल उजाडलं.

शेवटची वर्षं

पेनफिल्ड १९६० मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले. कादंबऱ्या लिहिल्या, कुटुंबसंस्थेसाठी काम केलं. आयुष्यभर हजारभर उघडे मेंदू बघितलेल्या या माणसाने १९७५ मध्ये शेवटी असं मत मांडलं की मन म्हणजे निव्वळ मेंदू, हे आपल्या कामातून सिद्ध झालेलं नाही. ५ एप्रिल १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये त्यांचं निधन झालं. नोबेल त्यांना मिळालं नाही.

मग डॉक्टरांना पटलं का?

कागदावर पटलं. २००१ मध्ये कॅनडातच एक कडक अभ्यास झाला. औषधांना दाद न देणारे टेम्पोरल लोबचे ८० पेशंट घेतले. ४० जणांना ऑपरेशनच्या गटात, ४० जणांना फक्त औषधांच्या गटात टाकलं. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मोकळे झालेले ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के होते आणि औषधांच्या गटात ८ टक्के. औषधांच्या गटातला एक जण त्या वर्षात दगावला.

स्कॉटलंडमधल्या २००० सालच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली होती. पहिल्या औषधाने जवळपास निम्म्या पेशंट्सच्या फिट थांबतात. दुसऱ्याने आणखी १३ टक्के लोकांच्या. त्यानंतर तिसरं किंवा दोन औषधं मिळून दिली तरी फक्त ४ टक्के. म्हणूनच नियम असा झाला की दोन योग्य औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसतील, तर पेशंटला ऑपरेशनची सोय असलेल्या सेंटरला तपासणीसाठी पाठवावं.

प्रत्यक्षात काय होतं? अनेक पेशंट पहिल्या फिटनंतर १५-२० वर्षांनी तिथे पोहोचतात. शाळा सुटलेली असते, नोकरी गेलेली असते, लग्न मोडलेलं असतं. वेगवेगळ्या देशांत डॉक्टरांशी बोलून झालेल्या पाहण्यांमधून तीच कारणं पुढे येतात. ऑपरेशन हा अगदी शेवटचा उपाय आहे असं वाटणं. दोन औषधांचा नियम नीट माहीत नसणं. पेशंट घाबरेल म्हणून विषयच न काढणं. मग पाचवं औषध, सहावं औषध. पेनफिल्ड यांनी एका इमारतीत बसवलेले न्यूरॉलॉजिस्ट आणि सर्जन बाहेरच्या जगात अजूनही लांबलांब बसतात.

भारतात १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये या ऑपरेशन्सचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटल्समध्येही ही सोय आहे. तरीही गावाकडे फिट आली की आधी कांदा फोडला जातो किंवा नाकाला चप्पल लावली जाते. त्याने फिट थांबत नाही. ती सहसा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. अशा वेळी माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

ऑपरेशन प्रत्येकासाठी नसतं. ज्यांची गडबड एकाच आणि काढता येण्याजोग्या जागेतून सुरू होते, त्यांच्यासाठीच ते असतं. त्यामुळे चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. पण घरात कुणाच्या फिट दोन औषधांनंतरही थांबत नसतील, तर ऑपरेशनसाठी तपासणी करता येईल का, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारता येतो.

रूथच्या वेळी हा प्रश्न विचारायला फार उशीर झाला होता. तिच्या भावाने पुढची ३० वर्षं, तो उशीर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून खर्ची घातली.